टेकाडावरची मरळ

पोळा सरला की येलदरीचं पाणी निवळतं.
गढूळ खाली बसतं, आणि मधोमधचं टेकाड
दिसायला लागतं वरून,
हिरवट, केसाळ, बसकण मारलेल्या म्हशीच्या पाठीसारखं.
काठापासून अर्ध्या तासाचं अंतर.
थर्माकोलच्या तुकड्यावर पालथं पडायचं,
हातात चपला घालायच्या
आणि वल्हवत राहायचं.

माझी बंदूक म्हणजे बाभळीचा दांडा,
सायकलच्या ट्यूबचं रबर,
आणि जिंतूरच्या लोहारानं पाणी पाजलेली सळई.
ती पाणी पितेच आहे अजून.

रुंजाजीमामानं शिकवलं ते एवढंच :
"छाती फुगवून श्वास घेऊ नको, लेका.
जेवताना अर्धी भाकर कमी खावं, तसा घे.
अन् पाण्याशी झटू नको.
झटणाऱ्याला ते लवकर ओळखतं."

दोन परस खोल.
कानात कळ येते, नाक दाबून फुंकलं की टच् होतं,
मग जग बंद.
खाली शेवाळ उभं, हुरड्याला आलेल्या ज्वारीएवढं,
वारा नाही तरी डुलणारं.
धाटं बाजूला सारत मी आत शिरतो,
खुरपायला आलेल्या बाईसारखा वाकून.
एका फटीत वामीचं तोंड. जाऊ दे.
चिलापी घोळक्यानं येतात, गोगलमध्ये डोकावतात,
गावात नवीन माणूस आल्यावर पोरं येतात तशा.
मी तळाला दगड धरून बसतो.
बसता येणं हीच अर्धी शिकार.

त्या दिवशी वरूनच कळलं होतं.
टेकाडाच्या कडेला हातभर पाणी
आधणासारखं उकळत होतं.
पिलं. पिकल्या मिरचीच्या रंगाची, शेकड्यांनी,
एकत्र वर येतात, हवेचा घोट घेतात, एकत्र खाली जातात.
आणि त्यांच्या खाली ती असणारच.
हे आम्हाला ठाऊक असतं.
तिची राखणच तिचा पत्ता सांगते.

होती.
कोपरापासून बोटांपर्यंत नाही, खांद्यापासून एवढी.
मला बघून हलली नाही.
दुसरी कुठलीही मरळ पळाली असती.
मी रबर सोडलं.

सळईवर ती दोनदा वळली. बस्.
पाणी थोडं लाल, मग पुन्हा हिरवं.
पिलांचा झुबका फुटला, विखुरला,
आणि पुन्हा जमला,
माझ्या मांडीपाशी.
मी वर निघालो तर ती वर.
मी थांबलो तर ती थांबली.
श्वास संपत आला होता आणि मला
पाय हलवायची भीती वाटत होती.

दोन किलो तीनशे भरली.
धुरपतानं हिरवी मिरची वाटून रस्सा केला.
चव होती तशीच होती, मी दोनदा वाढून घेतलं.

मामानं तराजूपाशीच विचारलं होतं,
"पिलांवरली मारली व्हय?"
मी गप्प.
त्यानं बोटाला लागलेले खवले लुंगीला पुसले.
"मपल्या हातूनबी मेल्यात. मोजू नको."

मी मोजलं नाही.
पण दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा उकळी
ओंजळीएवढी उरली होती.
भोवती चिलापी, सावकाश, घाई नसलेल्या.
बंदूक मी थर्माकोलला बांधूनच ठेवली.
पालथा पडून राहिलो टेकाडावर.
माझी सावली पडली तळाशी, लांबट, हातपाय नसलेली.
थोड्या वेळानं पिलं तिच्यात आली.

उन्हं कलेपर्यंत मी चपलेनं पाणी बडवत होतो,
चिलापींना हाकलत,
साती आसरांनी वरून पाहिलं असतं
तर खुळा म्हणाल्या असत्या.
पाठ सोलून निघाली.

रिकामी पिशवी खुंटीला लावली, तर धुरपता म्हणाली,
"काहीच न्हाई?"

म्हणालो, पाणी गढूळ होतं.